किती दिवसांचा दर्या

थळच्या बंदरावर कुणालाही विचारून पाहा, "बोट कधी येणार?" उत्तर तारखेत मिळत नाही. "दशमीला येतील", "भांग लागली की येतील", "बर्फ सरला की येतील" असं काहीतरी कानावर पडतं. पहिल्या उत्तरात चंद्र असतो, दुसऱ्यात पाण्याचा जोर आणि तिसऱ्यात बोटीच्या पोटातला साठा. तिन्ही उत्तरांना हद्द आहे. गेल्या काही वर्षांत मात्र चौथं उत्तर वरचेवर ऐकू येऊ लागलं आहे: "म्हावरं गावल तवा," म्हणजे मासा मिळेल तेव्हा. या उत्तराला हद्द नाही. घरचा माणूस किती दिवस बाहेर राहणार हे ज्या उत्तरावरून कळायचं, त्यातून दिवसच नाहीसे झाले आहेत. समुद्र किती भरलेला आहे हे मोजायला शास्त्रज्ञांकडे त्यांची साधनं आहेत. मला मात्र आता वाटतं, की बोट किती दिवसांनी परत येते हेच समुद्राचं सर्वांत खरं माप आहे, आणि ते माप आपण नीट वाचत नाही.

अलिबागहून उत्तरेला निघालं, वरसोली मागे टाकली की थळ येतं. पुढे नवगाव, मग किहीम. थळच्या वाळूत उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळची उंदेरी आणि तिच्यापलीकडे, जास्त खोल पाण्यात, खांदेरी. खांदेरीवर १८६७ मध्ये बांधलेलं दीपगृह आहे आणि कोळ्यांचा वेताळ आहे. मधल्या पाण्यात काळे खडप दबा धरून असतात. ओहोटीला ते डोकं वर काढतात, भरतीला दिसेनासे होतात. परक्या माणसानं इथे होडी घालू नये. इथल्या माणसाला मात्र कुठल्या तिथीला कुठल्या खडकावर किती पाणी असेल हे ठाऊक असतं.

याच माहितीवर एकदा इतिहास तोलला गेला आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी खांदेरीवर उतरले आणि बेटाला तट घालायला सुरुवात झाली. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहणार म्हटल्यावर इंग्रजांनी आपली जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. पण थळच्या किनाऱ्यावरून माणसं, धान्य, बांधकामाचं सामान घेऊन छोट्या होड्या जातच राहिल्या. मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात शिरता येईना, आणि वारा पडला की ती जागच्या जागी खिळून राहत. होड्यांना वल्ही होती आणि ती मारणाऱ्यांना प्रत्येक खडक माहीत होता. किल्ला बांधून झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेशाच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत खांदेरी आहे. तो मान त्या तटाइतकाच किनाऱ्यालगतच्या या ज्ञानाचाही आहे, असं मी मानतो. आज ते ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना मासे शोधायला त्या ज्ञानाच्या टापूबाहेर, कित्येक तास लांब जावं लागतं.

पूर्वी तसं नव्हतं. माझं लहानपण अलिबागेत गेलं. थळहून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या एक मावशी आमच्या दारी बसायच्या. आई त्यांच्याशी भावाची घासाघीस करायची आणि त्या आईला समुद्राचं पंचांग सांगायच्या. "उद्या भांग हाय बाय, उद्या बोंबील नाय गावाचं. परवापास्नं येतंय." मला हे कोडं वाटे. बाजारात भाजी रोज येते, मग बोंबील का नाही? पुढे त्यांच्याच घरी जाऊ-येऊ लागलो तेव्हा हे पंचांग मला त्यांच्या नवऱ्यानं, नाखव्यानं, समजावलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जोरात वाहतं. अष्टमीच्या मागेपुढे भांग, तेव्हा पाणी मंदावतं. डोलीची सगळी मासेमारी या वाहत्या पाण्यावर चालते.

डोल म्हणजे लांबलचक निमुळतं पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना त्याचं तोंड बांधायचं, वरून बोये लावायचे आणि पाण्याच्या धारेसमोर ते उघडं ठेवायचं. माशाच्या मागे धावायचं नाही. पाणीच मासा घेऊन येतं. पाणी फिरायच्या आत शेपटाकडचा भाग, ज्याला खोला म्हणतात, तो होडीत ओढून घ्यायचा आणि त्याची गाठ सोडायची. ती गाठ सुटताना मी पाहिली आहे. आधी नुसतं पाणी निथळतं. मग गाठ ढिली होते आणि होडीच्या तळावर गुलाबी-पांढरा, थरथरणारा ढीग कोसळतो. त्यात बोंबील असतात, इतके लिबलिबीत की हाताला मासा लागतोय की पाणी ते कळू नये. सोनेरी मांदेली, चांदीच्या पट्टीसारखी वाकटी, मूठ-मूठ जवळा, एखादी रागावलेली चिंबोरी, आणि या सगळ्याला चिकटलेली जेलीफिश. नाखव्याची बोटं त्यातून इतक्या झपाट्यानं फिरत की बोंबील एका पाटीत, मांदेली दुसऱ्या पाटीत पडेपर्यंत माझी नजर पोचत नसे. होडी परत फिरे तेव्हा मासा अजून गार पडलेला नसे. बोंबील टिकत नाही, म्हणून जो विकला जायचा नाही तो लगेच जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं काठ्यांवर वाळत जाई. समुद्र, होडी, घर आणि उन्हाळ्यातली साठवण ही सगळी एका हाकेच्या अंतरात होती.

मग इंजिन आलं आणि त्यामागून बर्फ. या दोन गोष्टींनी थळच्या माणसाला जे दिलं ते कमी लेखू नये. शिडावर भरवसा ठेवून वाऱ्याची वाट पाहणाऱ्याला इंजिन म्हणजे काय, हे पंख्याखाली बसून ठरवता येणार नाही. बर्फानं मासा टिकू लागला आणि मासा टिकू लागल्यावर माणूस पाण्यावर टिकू लागला. एका दिवसाची मासेमारी दोन दिवसांची झाली, मग चार, मग आठवड्याची. आज मोठ्या बोटी त्याहूनही जास्त दिवस बाहेर राहतात. या बोटींचा डिझेल, बर्फ आणि लिलावाचा व्यवहार मुंबईशी, ससून डॉकशी नाहीतर भाऊच्या धक्क्याशी बांधलेला असतो. त्यामुळे कित्येकदा असं होतं की फेरी संपून बोट मुंबईच्या धक्क्याला लागते, मासा उतरतो, बर्फ चढतो आणि बोट पुन्हा बाहेर पडते. थळच्या घरासमोरून ती दोनदा जाते, पण थांबत नाही.

अशा एका बोटीवर जायची संधी मला तरुणपणी मिळाली. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी एका पळवलेल्या मच्छीमार बोटीतून आले, त्यानंतर प्रत्येक खलाशाला ओळखपत्र आणि प्रत्येक बोटीला तपासणी आली. त्याआधी नाखव्यानं "येतोस का रं?" म्हटलं की चढता येत असे. थंडीचे दिवस होते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीशी होता. खांदेरीच्या बगलेतून जाताना तांडेलानं, म्हणजे बोट हाकणाऱ्यानं, इंजिन मंद केलं, वेताळाच्या दिशेनं हात जोडले, नारळ पाण्यात सोडला. बोटीवर कुणी काही बोललं नाही. त्या हात जोडण्यात मागणं होतं आणि निरोपही होता, कारण यापुढे दिसणारी जमीन आपली नसणार होती.

जमीन अशी एकदम नाहीशी होत नाही. खुणांखुणांनी मागे पडते. आधी घरं जातात, मग माडांची ओळ, मग कारखान्याचा मनोरा. कनकेश्वराचा डोंगर सर्वांत उशिरा जातो. जीपीएसच्या आधी हे डोंगर-मनोरेच जागा सांगत. अमुक डोंगर तमुक मनोऱ्याच्या रेषेत आला की इतके वाव पाणी, हे पाठ असे. दक्षिणेकडे वळलो तसा किनारा आपला एकेक कडा दाखवत गेला. कुलाब्याचा किल्ला, कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेलं कोर्लईचं नाक, फणसाडचं काळपट रान, जंजिरा आणि त्याच्यासमोर पद्मदुर्ग, पुढे हरिहरेश्वरचे लाटांनी कोरलेले कातळ. जमिनीवरून जाताना हा रायगडचा किनारा खाड्यांनी तुकड्या-तुकड्यांत तोडलेला वाटतो. या खाडीवर पूल नाही, त्या खाडीला वळसा आहे. समुद्रावरून पाहिलं की तो एकसंध काळा पाषाण दिसतो. सह्याद्री जिथे पाण्यात पाय सोडून बसला आहे तिथून आपण चाललो आहोत, हे तेव्हा कळतं. बाणकोटची खाडी ओलांडली की जिल्हा बदलतो, पण बोटीवर कुणाला ते सांगावंसं वाटत नाही.

संध्याकाळी जाळं सोडलं. हे डोलीचं नव्हतं, पाण्यात भिंतीसारखं उभं राहून वाहत जाणारं जाळं होतं. ते सोडायलाच बराच वेळ गेला. मग रात्रभर बोट आणि जाळं एकमेकांना बांधून प्रवाहाबरोबर वाहत राहिली. रात्री कुठेतरी क्षितिजावर केशरी उजेड दिसला. ती समुद्रातल्या तेलविहिरींची आग होती. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडलं. तेलाच्या फलाटांच्या खांबांभोवती मासे गोळा होतात हे कोळ्यांना ठाऊक असतं, आणि त्या खांबांजवळ जायला बंदी आहे हेही. खलाशी त्या उजेडाकडे बघत जेवत होते. भात, आमटी आणि माशाचं कालवण. पिण्याचं पाणी मोजून होतं, अंघोळीचा प्रश्नच नव्हता. झोप दोन-दोन तासांची, तीही इंजिनाच्या धडधडीत. अंगाला जो मिठाचा थर बसतो तो पहिल्या दिवशी टोचतो, नंतर कळेनासा होतो.

पहाटे जाळं ओढायला घेतलं तेव्हा मला कळलं की या कामात वाट पाहणं आणि मेहनत हे वेगळे नसतात. वाव-वाव जाळं हातावर येतं. बराच वेळ रिकामं येतं. नाखवा म्हणाला, "नुसतं जाल धुतलं." मग एक सुरमई, तिच्यामागे दोन हलवे, मग पुन्हा रिकामं. एखादी मुशी जाळं फाडून ठेवते आणि तिच्या किमतीहून जास्त खर्च करून जाते. मधे एकदा घोळ आली, दोन हातांत न मावणारी, आणि बोटीवरचे सगळेच जण तिच्याभोवती जमले. घोळीच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात मोठा भाव आहे, त्यामुळे एका घोळीवर आख्ख्या फेरीचा हिशेब बदलू शकतो. तिला खाली ठेवताना नाखव्यानं हलक्या हातानं बर्फ पसरला.

बर्फाचं ते काम मी नीट बघितलं. बोटीच्या पोटात खण असतात. लाद्या फोडून केलेला बर्फाचा चुरा खाली, त्यावर मासा, त्यावर पुन्हा बर्फ, असे थर चढत जातात. पहिल्या दिवशीचा मासा सर्वांत तळाशी राहतो. बोट जितके दिवस बाहेर, तितका तो तळ जुना होतो. धक्क्यावर लिलावाला सर्वांत आधी वरचा, शेवटच्या दिवशीचा मासा निघतो आणि त्याला भाव मिळतो. तळाचा मासा निघेपर्यंत व्यापाऱ्याची बोटं त्याचे कल्ले उचकून बघत असतात. म्हणजे जास्त दिवस राहून मिळवलेलं थोडं त्या दिवसांमुळेच कमी होतं. आणि प्रत्येक जादा दिवस डिझेल पितो. तो खर्च भरून काढायला आणखी मासा हवा, आणखी माशासाठी आणखी लांब जायला हवं. हे चक्र बाहेरून कुणाला ढकलावं लागत नाही. ते स्वतःच्याच वजनानं फिरतं.

मी नाखव्याला विचारलं होतं, तुमच्या वडिलांच्या वेळी किती लांब जायचे? त्यानं हात मागे, खांदेरीच्या दिशेनं केला. ती आता दिसत नव्हती. "तिथं. वेताळाच्या पायाशी. पानी तेच हाय रं, म्हावरं लांब गेलंय."

म्हावरं लांब गेलं नाही, कमी झालं, हे त्यालाही ठाऊक होतं. मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. पाण्याखालची ही सपाट जमीन इथे सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरली आहे. नद्या आणि खाड्या तिला अन्न पुरवतात. बोंबील तर साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर गुजरातपासून रत्नागिरीच्या आसपासपर्यंतच भरपूर मिळतो. इतकी सुपीक जागा असूनही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात समुद्रातून जेमतेम २ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनी कित्येक दिवस बोटी किनाऱ्याला बांधून ठेवल्या होत्या हे खरं. पण वादळ ओसरलं तरी समुद्र लगेच भरत नाही. तळ खरवडत जाणारं ट्रॉलचं जाळं, आख्ख्या थव्याभोवती फास आवळणारं पर्ससीन, अंधारात माशांना भूल घालणारे एलईडी दिवे, आणि बोटभर पिल्लूही निसटणार नाही इतकी बारीक झालेली डोलीची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, या सगळ्यांनी मिळून हे केलं आहे.

कायदे आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, म्हणजे माशांना अंडी घालायला आणि माणसांना खवळलेल्या समुद्रापासून दूर राहायला अवसर मिळतो. २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं आली, २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी मासेमारीला बंदी केली, २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या माशांची पकडायची किमान लांबी ठरवून दिली आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. पण राज्याचा कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, साधारण २२ किलोमीटरपर्यंत चालतो. बोटी आता त्याच्या कितीतरी पलीकडे दिवसचे दिवस असतात. तिथे रात्री कोण दिवे लावतं हे बघायला फारसं कुणी नसतं. आणि किमान लांबीची पट्टी बाजारात घेऊन फिरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

नियम खरोखर पाळून घेणाऱ्या जागाही आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कात, नॉर्वेच्या फ्योर्डांत हौशी माणसं पैसे मोजून कित्येक दिवस बोटीवर राहतात आणि गळ टाकतात. ओसाड, खडकाळ किनारे आणि थंड पाणी, यांचा आनंद घ्यायला ती जातात. मला त्यांचा हेवा वाटत नाही, पण एक गोष्ट मनाला लागते. तिथल्या हौशी माणसालाही कुठला मासा किती घ्यायचा, केवढा घ्यायचा, किती मासा घरी न्यायचा, याची बंधनं असतात आणि जागोजागी ती तपासलीही जातात. ज्याचं पोट त्या माशावर नाही त्यालाही तिथे मोजून दिलं जातं. आमच्याकडे ज्याचं सगळं घर माशावर चालतं त्याला "समुद्र मोठा आहे, जा लांब" एवढंच सांगितलं जातं. लांब जाण्यासाठी डिझेलवर सवलत आहे. मासे कुठे असतील याचा अंदाज उपग्रहाच्या माहितीवरून हैदराबादची इन्कॉइस संस्था पाठवते, आणि ते काम मोलाचं आहे. पण तोच नकाशा एकाच सकाळी सगळ्या बंदरांत पोचतो. जवळचा समुद्र पुन्हा भरावा यासाठी एवढी यंत्रणा कुठे राबताना दिसत नाही.

लांब गेलेल्या दिवसांची किंमत घरात मोजली जाते. मावशींच्या घरी मी ती पाहिली. बोट बाहेर असताना त्यांच्या घरात रेडिओ आणि नंतर मोबाइल कधी बंद नसे. किनाऱ्यापासून काही अंतर गेलं की फोन लागत नाही. मग परत आलेल्या दुसऱ्या बोटीला विचारायचं, तिच्यावरच्यांनी तिसऱ्याकडून ऐकलेलं सांगायचं, अशी बातमी चालत येते. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. कोकणातल्या कित्येक बोटी तेव्हा पाण्यात होत्या आणि काही परत आल्या नाहीत. त्या रात्री थळच्या बायका बंदरावरून हलल्या नाहीत. नंतर हवामानाचे इशारे सुधारले. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ थेट अलिबागच्या दाराशी आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं, आणि दोन्ही वेळा आधीच सूचना मिळाली होती. पण दोन दिवसांच्या अंतरावर असलेल्या बोटीला परतायला दोन दिवस लागतात. इशारा कितीही लवकर आला तरी बोट लांब असेल तर तो उशिराच पोचतो. जवळच्या पाण्यात मासा असेल तर ही सगळी भीती आपोआप अर्धी होते. सुरक्षिततेच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो.

आणखी एका घराची किंमत आपल्याला दिसतच नाही. या बोटींवरचे बरेच खलाशी आज नेपाळहून, झारखंडहून, उत्तर प्रदेशातून येतात. त्यांच्यापैकी काहींनी इथे येईपर्यंत समुद्र पाहिलेलाही नसतो. थळचा तांडेल आठवड्यानं का होईना घरी जाऊ शकतो. त्यांना मात्र फेरीमागून फेरी, ऑगस्ट ते मे, बोट हेच घर. त्या प्रवासात एक नेपाळी मुलगा माझ्या शेजारी झोपत असे. त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं मला विचारलं, "दादा, ये पानी खत्म कहाँ होता है?" त्याला काय सांगावं हे तेव्हाही सुचलं नाही. तो ज्या डोंगरातून आला होता तिथून समुद्र शेकडो मैलांवर होता, आणि आपल्या ताटातल्या माशासाठी तो इतक्या दूर उतरून आला होता. लोकवस्तीपासून हाकेच्या अंतरावर चालणारा धंदा एवढा लांब गेल्यावर तो कुणाकुणाच्या खांद्यावर जातो, ते अशा मुलांकडे बघून कळतं.

थळची नवी पिढी या दिवसांना नको म्हणते आहे, आणि मला ते समजतं. कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी धरली आहे, कुणी होडीतून पर्यटकांना खांदेरीला नेतं. वारसा यादीनंतर ही वर्दळ वाढेल. ही होडी सकाळी जाते, दुपारी येते, आणि तिच्यात वडिलांनी शिकवलेल्या खडकांचं ज्ञान पुन्हा कामाला येतं. या पोरांचा त्यातला आनंद खरा आहे. पण गावात फक्त प्रवासी ने-आण करणाऱ्या होड्या उरल्या आणि मासा सगळा लांबच्या मोठ्या बोटींवरून मुंबईमार्गे येऊ लागला, तर थळचं थळपण कशात राहील? तिथीची पाऊणपट, भांग-उधाण, डोलीचे खुंट कुणाच्या पाण्यात कुठे आहेत, ही सगळी विद्या जवळच्या समुद्राची आहे. जवळचा समुद्र रिता झाला की तिला शिकवायला जागाच उरत नाही.

म्हणून माझ्या दृष्टीनं समुद्राच्या प्रश्नाचं उत्तर आणखी लांब जाण्यात नाही. ते खांदेरीच्या अलीकडच्या पाण्यात आहे. पावसाळी बंदी काटेकोर पाळली, डोलीची आस मोठी केली, उथळ पाण्यातून ट्रॉल आणि दिवे खरोखर बाहेर काढले, खाड्यांत घाण सोडणं थांबवलं, तर समुद्र परत देतो. बऱ्याच माशांची पिल्लं वर्षा-दोन वर्षांत जाणती होतात, माणसाच्या मानानं त्यांना थोडाच अवधी लागतो. यातलं काही सरकारचं आहे, काही मच्छीमार सोसायट्यांचं आणि काही आपलं, खाणाऱ्यांचं. जून-जुलैत सुके बोंबील आणि सोडे खाऊन राहणं आपल्या आज्यांना जमत होतं. तळहातापेक्षा लहान पापलेट ताटात घेऊ नये, एवढं आपल्यालाही जमेल. मासळी बाजारात ते पिल्लू पुढे केलं की "मावशी, हा नको, मोठा झाल्यावर द्या," असं म्हणायला पैसे पडत नाहीत. एक माणूस म्हणेल तेव्हा मावशी हसतील. शंभर जण म्हणू लागले की त्या बोटीवर निरोप पाठवतील, कारण बाजारात काय चालतं हे बोटीला त्यांच्याकडूनच कळतं.

दर्यावर जाण्याची ओढ थळच्या मुलांच्या रक्तात आहे, तिला कुणी धक्का लावू नये. खोल पाण्यात जाणारा जाऊ दे, घोळ-सुरमईच्या मागे आठवडाभर राहायची ज्याची उमेद आहे त्याच्या जिगरीला माझा सलाम आहे. पण हे जाणं त्याच्या मर्जीचं असावं. जवळ काही उरलं नाही म्हणून बाहेर राहणाऱ्या माणसाला आपण दर्यावर्दी म्हणून गौरवतो, आणि त्याच्यावर ही वेळ कुणी आणली ते विसरतो. थळच्या पोराला पहाटे होडी लोटायला मिळावी, त्याच भरतीला भरल्या पाट्यांसह परत यायला मिळावं, आणि बोट कधी येणार या प्रश्नाला त्याच्या आईला पुन्हा तिथीत उत्तर देता यावं. माझं मागणं एवढंच आहे, आणि ते पुरं करणं आपल्या हातात आहे.